व्हाया उमरोळी

पालघरहून बोईसरला लोकलने निघालं की मध्ये एकच स्टेशन लागतं, उमरोळी. मोटारीने किती वेळ लागतो ते मात्र मोटार कुणाची यावर आहे. आमची मामांची होती.

चिंचणीला मामांच्या पुतणीचा साखरपुडा होता. शहाणी मंडळी लोकलने बोईसरला उतरून, रिक्षा करून पुढे गेली. फळांच्या करंड्या, पेढ्यांचे बॉक्स, मामी आणि मी मामांच्या वाट्याला आलो. मोटारीची कंपनी सांगणार नाही. ती कधीच मिटली, पण तिच्याबद्दल वावगं बोललेलं मामांना खपत नाही. मागचं डावं दार फक्त बाहेरून उघडतं, उजवं फक्त आतून. "म्हणजे दोन्ही मिळून एक दार धडधाकट आहे," हा मामांचा हिशेब.

गाव सुटल्यावर मी विषय काढला: सामान्य माणसाच्या गळ्यात मारलेली सगळ्यांत वाईट मोटार कोणती? आमच्या बुडाखालची सोडून, हे मी मनात म्हटलं.

"बादल!" मामांनी स्टिअरिंग सोडून हात वर केला. बंगलोरची, सत्तरच्या दशकातली. फायबरचं अंग, इंजिन दोनशे सीसीच्याही आतलं आणि चाकं तीन. "गिऱ्हाइकाने चौथं चाक मागितलं तर म्हणत असतील, पुढच्या हप्त्याला." बनवणाऱ्यांनाही कमी जाणवली असावी, कारण 1982 साली त्याच सिपानी मंडळींनी डॉल्फिन काढली. तिला चाकं पुरती चार होती, अंग मात्र पुन्हा फायबरचंच. "म्हशीने नुसती पाठ घासली तरी क्लेम कुणावर लावायचा?" मामांनी विचारलं. समोरच म्हैस आल्याने उत्तर राहून गेलं.

मग स्टँडर्ड 2000. ही 1985 ची. वरून विलायती रोव्हर, पण मूळ रोव्हरमधलं मोठं इंजिन गाळून आत बसवलेलं यंत्र चाळीसच्या दशकातल्या व्हॅनगार्डच्या घराण्यातलं. नवरदेवाच्या शेरवानीत आजोबा! ते आजोबा पेट्रोल मात्र नातवासारखं पीत. तीन वर्षांत दुकान बंद.

उमरोळीच्या अलीकडे आमच्या बॉनेटमधून वाफ आली. "तापली नाही, थांबली," असं सांगून मामा उतरले. शेजारून सहा आसनी रिक्षा दहा माणसं घेऊन गेली आणि त्या दहांनीही आमची कीव केली.

वाफ ओसरेपर्यंत मामा बोलत राहिले, आणि खरं सांगायचं तर त्या दिवसात ऐकण्यासारखं तेवढंच होतं. तुम्ही आजचे लोक मोटार निवडता, म्हणाले. आमच्या वेळी ती मिळायची. ॲम्बॅसडर, फियाट, नाहीतर स्टँडर्ड. पैसे भरायचे, नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. घाई असेल तर वर 'ऑन' मोजायचा. कुर्ल्याची फियाट 1974 मध्ये पद्मिनी झाली. अंगलोट पन्नास-साठच्या दशकांतल्या इटालियन गाडीची, ती तशीच पुढे कित्येक वर्षं कारखान्यातून निघत राहिली. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली 2023 च्या ऑक्टोबरात. 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली, तेव्हा कुठे लोकांना कळलं की मोटार सकाळी एका किल्लीत सुरू होऊ शकते. तोवर ती सुरू करणं हे मालकाचं कर्तृत्व मानलं जाई. इतकी वर्षं वाट पाहून आलेल्या वस्तूला वाईट म्हणायची कुणाची छाती होती? सून उशिरा मिळालेल्या घरात तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवत नाहीत.

देशातली पहिली अणुवीज 1969 साली इथून जवळच, तारापूरला तयार झाली. त्याच मुलखात आमची मोटार हलवायला चार माणसांची ऊर्जा लागली.

बोईसरला चित्रालयाच्या अलीकडे एका गॅरेजवाल्या पोराने बॉनेट उघडलं. बराच वेळ काही बोलला नाही, मग आत जाऊन आपल्या वडिलांना घेऊन आला. "काका, हिचा होज पाइप मिळणार नाही. दुसऱ्याचा बसवतो." ते काम चालू असताना मी ट्राबांटची गोष्ट सांगितली. पूर्व जर्मनीची ती गाडी 1991 पर्यंत निघत होती. नंबर तिथेही दहा-दहा वर्षं. टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोल किती उरलं ते टाकीत काठी बुडवून पाहायचं आणि वरचं अंग कापसाच्या कचऱ्यात राळ मिसळून केलेलं.

"कापसाचा कचरा?" पोराने पाना खाली ठेवला. "अहो, आपल्या एमआयडीसीत एवढ्या कपड्याच्या कंपन्या. उद्यापासून मोटारीच काढू की!"

मामी इतका वेळ पेढ्यांवर रुमाल धरून बसली होती. "सगळ्यांत वाईट ती कल्याणची प्यूजो 309," ती म्हणाली. प्रीमियरने फ्रेंचांबरोबर 1994 साली थाटामाटात सुरू केली. लोकांनी आगाऊ पैसे भरले. मग संप, टाळेबंदी. तीन-चार वर्षांत खेळ आटोपला आणि बुकिंगवाले पैशांसाठी हेलपाटे घालत बसले. "बिघडलेली मोटार ढकलता तरी येते. न आलेली कुठून ढकलणार?"

मामांनाही यावर तोड सुचली नाही.

नॅनोचं नाव पोराने काढलं. पुढचं झाकण उघडून पेट्रोल भरायचं, वायपर एकच, चाकाला बोल्ट तीन. पण तिला वाईट म्हणायला तो तयार नव्हता. "काका, लाखाच्या गाडीने पावसात चौघांना कोरडं नेलं. लोकांना तिच्यात बसायची लाज वाटली, हा गाडीचा दोष नाही."

चिंचणीला पोचलो तेव्हा अंगठ्या घालून झाल्या होत्या. मुलाचे काका आमच्या स्वागताला आले आणि आम्हाला ओलांडून मोटारीपाशी गेले. "ही मी पण बुक केली होती. मिळालीच नाही हो." मामांनी बॉनेट उघडलं. दोघेही आत वाकले. ताटं वाढल्याचे दोन निरोप गेले, तरी बाहेर फक्त दोन पाठी दिसत होत्या.

शेवटी काका ताठ झाले. "विकायची आहे का?"

"आहे!" मामी मांडवातून ओरडली.

मामांनी रुमालाला हात पुसले. "नंबर लावावा लागेल."