लॅपटॉपला वेग आला

एसएसडी बसवून घेतली आणि लॅपटॉपने मौन धरलं. काळ्या पडद्यावर एवढीच पांढरी ओळ : बूट डिव्हाइस सापडत नाही.

आमच्या ईटमध्ये मास्तरचं यंत्र बिघडलं, की निदानाला उभं गाव हजर. आबा म्हणाले, "नवं हाय, रुळाया येळ लागंल." भाचा म्हणाला, "मामा, रॅम काढून खोडरबरानं पुसा." काकूंनी तर मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या, लॅपटॉपवरून की माझ्यावरून, ते विचारायचं राहिलं.

भूमचा दुरुस्तीवाला पोरगा मात्र शांत. जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल त्यानेच एसएसडीवर उतरवली होती. तो बायोसमध्ये शिरला. एसएसडीचं नाव तिथे ठळक दिसत होतं. म्हणजे ओळख होती, बोलणं नव्हतं. मूळ दुखणं निघालं मदरबोर्डवरच्या तीन व्होल्टच्या चपट्या सेलचं. तो केव्हाच संपला होता. डिस्क बदलताना मोठी बॅटरी काढली आणि बायोस सगळं विसरून कारखान्यातल्या सेटिंगवर, म्हणजे यूईएफआयवर, जाऊन बसला. आमचं विंडोज जुन्या लेगसी वळणाचं, एमबीआर डिस्कवरचं. दोघांची भाषाच जुळेना. पोराने एक सेटिंग फिरवली आणि विंडोज उघडलं.

आता एकही वेबसाइट उघडेना. कोपऱ्यात तारीख होती १ जानेवारी २०१५. लॅपटॉपच्या लेखी आमचा जिल्हा अजून उस्मानाबादच होता. धाराशिव व्हायला २०२३ उजाडायचं होतं. वेबसाइटची सुरक्षा प्रमाणपत्रं त्याच्या हिशेबाने अजून जन्मलेलीच नव्हती, म्हणून ब्राउझर दारातूनच वाटेला लावत होता. "सर, जरा पुढच्या काळात या," म्हणत पोराने सेल बदलला आणि तारीख सुधारली.

तेवढ्यात माझी नजर आकड्यावर गेली. पैसे ५०० जीबीचे मोजले होते, विंडोज दाखवत होतं ४६५. पोराने समजावलं, की कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १,०२४ च्या, माल तेवढाच. खव्याची भट्टी चालवणारे दाजी गालात हसले. "सर, पाच लिटर दुधाचा किलोभर खवा पडतो, तवा आमी कुणाकडं दाद मागावी? तुमचं तर नीट आटलंबी न्हाई."

लॅपटॉप आता बटण दाबायचा अवकाश, की तयार. आणि इथेच माझं नुकसान झालं. मिनिटाला ५,४०० फेरे मारणारी ती जुनी हार्ड डिस्क माझी खरी पाठराखीण होती. "माहिती आजच्या आज भरा," असा केंद्रप्रमुखांचा फोन आला, की मी नम्रपणे म्हणायचो, "साहेब, लॅपटॉप चालू होतोय." त्या वाक्यावर चहा, पेपर आणि कधीकधी दुपारची डुलकीही निघायची, शिवाय ते खोटं नसायचं.

परवा फोन आला. जिभेच्या सवयीने म्हणालो, "चालू होतोय, साहेब."

"अहो, कवाच झालाय की!" स्वयंपाकघरातून सौभाग्यवतींनी खणखणीत आवाजात कळवलं.

पलीकडे साहेबांना आनंद झाला. "वा सर! मग शेजारच्या दोन शाळांचीही तुम्हीच भरून टाका. त्यांचे लॅपटॉप अजून चालू होतायत."