छडा न लागण्याचे फायदे
लंडनच्या व्हाइटचॅपल भागात 1888 साली किमान पाच स्त्रियांचे खून करणारा 'जॅक द रिपर' कधीच सापडला नाही, आणि म्हणूनच 'रिपरशास्त्र', म्हणजे पुरावा जितका तोकडा तितका ग्रंथ जाडजूड असा अभ्यासप्रकार, आजही सुखाने नांदतो आहे. 1976 साली स्टीफन नाइट यांनी राजवैद्य सर विल्यम गल यांना या खुनांत गोवले. सत्तरी ओलांडलेल्या या गृहस्थांना खुनांच्या आदल्याच वर्षी पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता, ही किरकोळ अडचण अनेक वाचकांनी मोठ्या मनाने पोटात घातली. 1976 सालीच बीबीसीच्या 'द टू रॉनीज' या विनोदी कार्यक्रमात, अहमदनगरला जन्मलेल्या स्पाइक मिलिगन यांच्या लेखणीतून उतरलेली रिपरकथांची विडंबनमालिका झळकली. तिच्यातला गुन्हेगार सुरा न उपसता ओठांतून 'फुर्रर्र' असा असभ्य आवाज काढी आणि तेवढ्यानेच सभ्य समाज हादरून जाई. दूरचित्रवाणीवरील विनोद समाजाला शहाणे करतो असे मानणाऱ्यांनी एवढेच पाहावे की, विडंबनावर हसणाऱ्या त्या देशात गल यांच्यावरचे पुस्तकही गंभीर चेहऱ्याने विकत घेतले जात होते. बळी पडलेल्या स्त्रियांच्या आयुष्यांनाच केंद्रस्थानी ठेवणारे हॅली रूबेनहोल्ड यांचे पुस्तक यायला 2019 साल उजाडले, आणि तेही काही रिपरशास्त्र्यांच्या पचनी पडले नाही.