मेकॅनिकल कीबोर्डची खटखट शमविण्याचा शास्त्रोक्त घरगुती विधी

या विधीचा अधिकार सरसकट सर्वांना नाही. संगणकाबरोबर आलेला रबरी पडद्याचा, मऊ कळांचा कीबोर्ड ज्यांच्याकडे आहे, त्यांनी खुशाल पान उलटावे. शांत वस्तू शांत करण्याचे फळ कोणत्याही शास्त्राने सांगितलेले नाही. खरा अधिकारी तोच, ज्याने निव्वळ आवाजाच्या ओढीने पाच-सहा हजार मोजून मेकॅनिकल कीबोर्ड घेतला आणि आता तोच आवाज बंद पाडायला आणखी हजार-दीड हजार खर्चण्याची ज्याची तयारी आहे. चेरी कंपनीचे एमएक्स स्विच 1980च्या दशकापासून बाजारात आहेत. त्यांतल्या निळ्या स्विचचा दांडा दोन तुकड्यांचा असतो. कळ साधारण 2.2 मिलिमीटर खाली गेली की त्यातला एक तुकडा निसटून खाली आपटतो आणि ‘टिक्’ वाजते. हा बिघाड नव्हे. कोणा इंजिनिअरने डोके चालवून, साचे पाडून ती टिक् बसवलेली आहे. आयबीएमच्या 1985च्या ‘मॉडेल एम’मध्ये तर प्रत्येक कळीखालची स्प्रिंगच कडकन वाकते आणि कळ लागल्याची ग्वाही देते. एवढ्या मेहनतीने घातलेला आवाज घरी बसून काढायचा, तर आधी एक गोष्ट मान्य करावी लागते: घरगुती उपायांनी कीबोर्डचा आवाज बदलतो, पण फारसा घटत नाही. आणि जो काही बदल होतो तो मालकाच्या कानाला जाणवतो, शेजारच्या खोलीत झोपलेल्या माणसाला नाही. हे पुढे सिद्ध करू. तरीही विधी करायचाच असेल तर त्याची रीतही सांगू.

आधी आवाजाची उगमस्थाने पाहावीत. कळ एकदाच दाबली तरी आवाज पाच-सहा होतात. एमएक्स स्विचमध्ये कळीचा पूर्ण प्रवास 4 मिलिमीटरांचा. तो संपला की दांडा तळाशी आदळतो. बोट उचलले की स्प्रिंग त्याला वर भिरकावते आणि तो झाकणाला आतून धडकतो. हा परतीचा आवाज बहुतेकांच्या हिशेबातच नसतो. स्प्रिंग आपली बारीक किणकिणते. स्पेसबार, एंटर, शिफ्ट या लांब कळा एका बाजूला कलू नयेत म्हणून त्यांच्याखाली स्टॅबिलायझर नावाची वाकवलेली तार असते. ती प्लास्टिकच्या खोबणीत खुळखुळत राहते. या सगळ्यांचे हादरे प्लेटमधून पोकळ केसमध्ये उतरतात आणि केस घुमते. तिथून रबरी पायांवाटे ते टेबलात जातात. आता डेसिबलचे गणित. सारख्याच जोराचे दोन आवाज एकत्र आले की भर पडते ती 3 डेसिबलची. उलट बाजूने पाहिले तर त्यांतला एक कायमचा बंद केला तरी घट होते 3 डेसिबलचीच. आणि कानाला आवाज निम्मा वाटायचा तर साधारण 10 डेसिबल कमी व्हावे लागतात. म्हणजे सहापैकी एका उगमाचा निःपात करणाऱ्याने विजयोत्सव जरा बेतानेच करावा.

प्रथम टेप. रंगकाम करणारे खिडकीच्या चौकटीला लावतात ती कागदी मास्किंग टेप हार्डवेअरच्या दुकानात चाळीस-पन्नास रुपयांत मिळते. कीकॅप काढाव्यात, केस उघडावी, सर्किट बोर्ड उलटा करून त्याच्या पाठीवर टेपच्या पट्ट्या शेजारी शेजारी चिकटवाव्यात. केबलचे आणि बॅटरीचे कनेक्टर तेवढे मोकळे सोडावेत. थर किती द्यावेत यावरून जाणकारांत पंथ पडले आहेत. कोणी दोन म्हणतो, कोणी तीन, आणि पाच थरांचा पुरस्कार करणारेही सापडतात. घरातली जेवणाची अ‍ॅल्युमिनियम फॉइल मात्र चमकदार दिसते म्हणून लावू नये. तिच्यातून वीज वाहते, आणि मग कीबोर्ड खरोखरच शांत होतो, अगदी कायमचा. टेपने नेमके काय होते? बोर्डाच्या पाठीला थोडे वजन येते, थोडी लवचीक गादी मिळते आणि बारीक, तीक्ष्ण, उंच पट्टीचा आवाज दबतो. उरतो तो खालच्या पट्टीचा, गोलसर आवाज. शौकीन त्याला ‘थॉक’ म्हणतात आणि त्याच्यासाठी जीव टाकतात. टेपचे सगळे यश एवढ्यातच आहे. आवाज ‘कट’वरून ‘ठक’वर आला, आणि ‘ठक’ही आवाजच आहे.

दुसरा उपाय फोमचा. इथे मराठी घरातल्या साठवणुकीच्या वृत्तीला आयते क्षेत्र मिळते. टीव्हीच्या खोक्यातला पांढरा पातळ फोम टाकून द्यायचा नाही, हा नियम पाळलेल्या घराला तो आज कामी येतो: स्विच आणि बोर्ड यांच्यामध्ये त्याची एक चादर घातली की आवाजाची जात स्पष्ट बदलते. केसच्या पोकळीत काय भरावे यावर मात्र घरोघरी संशोधन चालू असते. योगा मॅटचा तुकडा, रबरी चपलेचा तळ, जुन्या सोफ्यातला स्पंज, देवघरातल्या वातींसाठी आणलेला कापूस, अशी ही यादी लांबतच जाते. यांतला कापूस तरी टाळावा. पावसाळ्यात तो दमट होतो, आणि रत्नागिरी-पणजीकडे राहणाऱ्याने सर्किट बोर्डाखाली ओला कापूस ठेवणे म्हणजे गंजाला आवतण देणे. चपलेचा तळ चालतो. फक्त त्याची जाडी केसच्या पोकळीपेक्षा जास्त झाली तर बोर्ड मध्ये फुगतो आणि स्क्रू बसत नाहीत. पण फोमचा आवाका किती? 1000 हर्ट्‌झच्या ध्वनीची तरंगलांबी हवेत साधारण 34 सेंटीमीटर असते. सच्छिद्र पदार्थाने ध्वनी नीट शोषायचा तर त्याची जाडी तरंगलांबीच्या पावपटीच्या आसपास, म्हणजे साडेआठ सेंटीमीटर हवी. केसमधली पोकळी भरते जेमतेम एक सेंटीमीटर. तेव्हा फोम घुमणे भरून काढतो, हादरे थोडे आटवतो, उंच पट्टीचा आवाज खातो. खालच्या पट्टीपुढे त्याचे काही चालत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे लागणार आहे.

वंगणाचा भाग तुलनेने प्रामाणिक आहे, कारण तिथे आवाज उगमाशीच अडवला जातो. स्विच उघडून दांड्याच्या कडांवर बारीक ब्रशने जाड वंगणाचा अगदी पुसट हात फिरवला की घासण्याची खसखस आणि स्प्रिंगची किणकिण जाते. निळ्या स्विचला मात्र हा प्रकार करताना जपावे. त्याची टिक् लिबलिबीत झाली की घोडेही गेले आणि मैदानही. स्टॅबिलायझरच्या तारेच्या टोकांवर वंगण भरले आणि तिच्या पायाखाली, बोर्डावर कापडी बँडेजपट्टीचा लहान तुकडा चिकटवला, की स्पेसबारची खुळखुळ खरेच थांबते. दहा रुपयांच्या पट्टीने एवढे साधणारा दुसरा उपाय या शास्त्रात नाही, आणि बहुधा म्हणूनच त्याची कोणी फारशी चर्चा करत नाही. वंगण म्हणून घरातले काय वापरावे, हा प्रश्न हमखास येतो. खोबरेल वापरू नये. ते साधारण 24 अंशांखाली थिजते, त्यामुळे पुण्याच्या थंडीत सकाळी कळा आळस देत वर येतील. शिलाई मशीनचे तेल त्याच्या उलट फार पातळ. ते जागेवर न थांबता वाहत जाऊन आतल्या संपर्कपट्ट्यांना भेटते आणि कळ लागेनाशी होते. देवापुढच्या समईचे तेल कोणी सुचवले तर हात जोडून नकार द्यावा.

आता मूळ मुद्दा. हा सगळा खटाटोप कोणासाठी चालला आहे? विचारले तर उत्तर एकच मिळते: घरच्यांना त्रास होऊ नये म्हणून. पण परीक्षा कशी घेतात ते पाहावे. कीबोर्डपासून वीतभर अंतरावर मोबाइल ठेवून ध्वनिमुद्रण करायचे, हेडफोन लावून आधीचे आणि नंतरचे ऐकायचे आणि समाधानाने मान डोलवायची. ज्याची झोप मोडते तो मात्र वीतभर अंतरावर नसतो. तो भिंतीपलीकडे असतो. भिंतीचा स्वभाव असा, की ध्वनीची वारंवारता दुप्पट झाली की ती साधारण 6 डेसिबल जास्त अडवते. म्हणजे उंच पट्टीचा तीक्ष्ण आवाज भिंत आपणहून गिळत होतीच. टेप आणि फोम नेमका तोच आवाज काढतात. खालच्या पट्टीचे धपधप भिंतीतून जसे जायचे तसेच जात राहते. मालकाने हजारभर रुपये आणि आख्खा रविवार घालवून जे काम केले, ते चार इंच विटांनी आधीच करून ठेवले होते. त्यातून टेबल जर पोकळ खणांचे, पातळ प्लायवूडवर सनमायका लावलेले असेल आणि भिंतीला टेकवलेले असेल, तर कीबोर्डच्या दृष्टीने तो सतारीचा भोपळाच. केसमध्ये कितीही फोम कोंबला तरी हादरे पायांतून खाली उतरणारच. टाइपरायटरच्या काळातल्या लोकांना हे ठाऊक होते. त्यांनी यंत्र उघडून आत काही कोंबले नाही. यंत्राखाली फेल्टची जाड गादी ठेवली. आज तेच काम डेस्कमॅट करते, किंवा चौघडी घातलेली जुनी सतरंजी. ती टेबलावर पसरायला स्क्रू-ड्रायव्हर लागत नाही, म्हणूनच हौशी माणसाच्या ती मनास येत नाही.

यावर आक्षेप येतील, ते ऐकून घेतले पाहिजेत. पहिला आक्षेप असा, की आवाज घटला नाही तरी गोड झाला, आणि गोड आवाज कमी खुपतो. पहिला भाग खराच आहे. टोकदार आवाज कानाला जास्त बोचतो आणि ‘थॉक’ तुलनेने सुसह्य वाटतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण हा गोडवा ऐकणारा टाइप करतो आहे, झोपू पाहत नाही. झोपू पाहणाऱ्याला पट्टीपेक्षा अनियमितपणा छळतो: सलग वीस कळा, मग विचारमग्न शांतता, मग अचानक बॅकस्पेसचा वर्षाव. दुसरा आक्षेप कायद्याचा. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 पर्यंत 45 डेसिबलची मर्यादा आहे आणि शेजारच्या खोलीत कीबोर्डचा आवाज एवढा भरणारच नाही, मग तक्रार कसली? हा युक्तिवाद बिनतोड आहे. फक्त त्या नियमातली मर्यादा सरासरीची आहे, आणि रात्री एक वाजता दारात उभ्या राहिलेल्या व्यक्तीला सरासरीची व्याख्या समजावून सांगण्याचे धाडस ज्याच्यात असेल त्याने तो जरूर वापरावा. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: हे सगळे सोडून सायलेंट स्विचच का घेऊ नयेत? घ्यावेत. त्यांच्या दांड्याला वर आणि खाली दोन्हीकडे मऊ गादी असते, म्हणून जाताना-येतानाचे दोन्ही आघात मुके होतात. कीकॅपखाली घालायच्या रबरी ओ-रिंगने फक्त जातानाचा होतो. चेरीच्या सायलेंट रेडमध्ये त्यासाठी कळीचा प्रवास 4 ऐवजी 3.7 मिलिमीटर केला आहे. पण मग बोटाला तळ लागल्याचा तो ठाम स्पर्श राहत नाही, आणि ज्यासाठी पाच-सहा हजार मोजले होते तेच निघून जाते.

ही अडचण आजची नाही. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ‘नॉइझलेस’ नावाचा टाइपरायटर निघाला होता. त्यात खिळा कागदावर आपटत नसे, वजनदार तरफेने दाबला जाई. पुढे 1920च्या दशकात रेमिंग्टनने ती कंपनीच विकत घेतली. म्हणजे आवाज कमी करायचा तर आघातच कमी करावा लागतो, सालपटांवर पट्ट्या चिकटवून भागत नाही, हे शंभर वर्षांपूर्वी कळलेले होते. तरी कचेऱ्यांतून शेवटपर्यंत खडखडत राहिली ती साधी, आपटणारी यंत्रेच. भारतात 1955 साली गोदरेजने बनवायला घेतलेला टाइपरायटरही त्याच वंशातला. त्याच्या आवाजावर कोणी टेप लावल्याचे ऐकिवात नाही. टायपिंग क्लासच्या शेजारी राहणाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या.

तेव्हा निकाल असा. स्टॅबिलायझरला वंगण आणि बँडेजपट्टी, कीबोर्डखाली जाड मॅट, टेबल भिंतीपासून चार बोटे पुढे: एवढ्याने जे साधायचे ते साधते, आणि शेजारच्या खोलीला फायदा होतो तो याच तीन गोष्टींचा. टेप आणि फोम ही हौस आहे. ती जरूर करावी, पण घरच्यांच्या झोपेच्या नावावर तिचा खर्च मांडू नये. पहिला स्क्रू काढण्यापूर्वी केबल उपटावी. रबरी पायांखाली आणखी स्क्रू दडलेले असतात, ते काढल्याशिवाय केस ओढू नये. आणि त्याच्याही आधी एका रात्री घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी कीबोर्डवर बसवावे, आपण शेजारच्या खोलीत दार लावून, दिवा मालवून आडवे व्हावे आणि काय ऐकू येते ते अर्धा तास ऐकावे. प्रत्येक उपायानंतर हीच परीक्षा पुन्हा घ्यावी. मोबाइलवरचे ध्वनिमुद्रण पुरावा म्हणून ग्राह्य धरले जाणार नाही.