गरम डोक्याची मोटर

एसीच्या आउटडोअर युनिटमध्ये पंख्याची नवी मोटर बसवली आणि ती अर्ध्या तासात तापून बंद पडली, की निकाल जागेवरच लागतो: माल डुप्लिकेट. आरोपीला बोलता येत नाही, म्हणून तिची वकिली करणं भाग आहे. माझं म्हणणं इतकंच, की अशा खटल्यात मोटर बहुधा निर्दोष असते. नवी तेवढी ती एकटीच. कॅपॅसिटर जुना, पातं जुनं आणि कॉइलवरची धूळ तर थेट गेल्या दिवाळीची. घरात बिघडलेलं सगळं नव्या सुनेच्या पायगुणावर ढकलावं, तसा हा प्रकार. 4 मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर हवा असताना पिशवीत 6 चा सापडला म्हणून तोच लावला, तर वाइंडिंग तापणारच. पण खरी गंमत वेगात आहे. 50 हर्ट्झवर सहा पोलची मोटर मिनिटाला साधारण 900 फेरे घेते, चार पोलची 1400. पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. म्हणजे फेरे दीडपटीहून जरासेच जास्त झाले तरी त्याच पात्याला पावणेचार पट जोर लागतो. दुकानदार म्हणतो, ‘ही जास्त फास्ट आहे, घेऊन जा.’ आपण खूश, मोटर बेशुद्ध.

‘हात लावला तर चटका बसतो, आणखी काय पुरावा हवा?’ अहो, साठ अंशांवर आपला हात माघार घेतो. बी वर्गाच्या इन्सुलेशनची वाइंडिंग 130 अंशांपर्यंत टिकते. शिवाय तापल्यावर ती बंद पडते आणि निवली की आपोआप सुरू होते, याला लोक नाटकं म्हणतात. तो आतला थर्मल प्रोटेक्टर असतो, आणि त्या सबंध युनिटमध्ये आपलं काम चोख करणारा बहुधा तोच एक. ‘पण हवा तर येतेय की!’ येणारच, उलटं फिरणारं पातंसुद्धा थोडीफार हवा ढकलतं. मोटर कधी खरोखर सदोष निघते, हे मला मान्य आहे. पण मग वीज बंद करून पातं हाताने फिरवून बघा, नंतर टंग टेस्टर लावून करंट नेमप्लेटशी ताडून पाहा. जास्त असेल तर कॅपॅसिटर, पातं आणि वेग तपासा. कमी असूनही ती तापत असेल, तर तिला श्वास कुठून मिळतो ते बघा. ही मोटर स्वतःच्याच पंख्याच्या वाऱ्यावर थंड होते, आणि तो वारा कॉइलमधून आधीच तापून आलेला असतो. विदर्भातल्या मे महिन्यात बाहेरच 45 अंश असताना त्यात किती गारवा उरत असेल! त्यातून इमारतीचं सौंदर्य राखायला सोसायटीने युनिटसमोर नक्षीदार जाळी ठोकलेली असली, की तीच गरम हवा गोल फिरून परत आत येते. ती जाळी काढून बघावी. फक्त कमिटीची परवानगी हातात पडेपर्यंत पाऊस सुरू झालेला असेल आणि एसी कुणाला नकोच असेल.