नाकाचे डोहाळे

माझं नाक रत्नागिरीत सुकटीच्या वासात वाढलेलं. ते कशाला मुरडणार? पण लग्न होऊन यावलला आले, दिवस राहिले आणि सहाव्या आठवड्यात त्या नाकानं थेट भरिताशी वैर धरलं. तेही ऐन थंडीत!

यावल तालुक्यात हे म्हणजे पंढरपुरात राहून टाळांचा त्रास होतो म्हणण्यासारखं. बामणोदची हिरवी-पांढरट, भलीथोरली वांगी. जळगावच्या या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालंय. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर ती भाजायची, बडगीत ठेचायची, मिरची-लसणाची फोडणी, कांद्याची पात, सोबत कळण्याची भाकरी. चार घरं पलीकडे कुणी काड्या पेटवल्या की इकडे मी मोरी गाठायची. पाणीसुद्धा गंजक्या खिळ्यासारखं लागे. कालिदासाचा दिलीप राजा म्हणे गरोदर राणी सुदक्षिणेच्या तोंडाचा मातीचा वास हुंगून तृप्त होत नसे. आमच्याकडे हुंगायचं काम राणीकडे. शेतातली भरित पार्टी करून आलेला राजा आंघोळ होईपर्यंत ओट्यावर!

मातीचं मात्र मला पटलं. केळीच्या बागेत पाणी सोडलं की जो वास सुटे, तो चक्क खावासा वाटे. डॉक्टरीणबाईंनी लगेच रक्त तपासायला लावलं. अंगात लोह कमी असलं की असं होऊ शकतं म्हणे. गोळ्या सुरू झाल्या. त्यांच्या वासाबद्दल न बोललेलं बरं.

ओट्यावर बसून बसून नवऱ्यानं अभ्यास वाढवला. सुश्रुत म्हणतो, चौथ्या महिन्यात बाळाचं हृदय जागं होतं. बाई दोन हृदयांची होते, म्हणून तिचे डोहाळे हे बाळाचेच. आणि डिसेंबर २०२३ च्या ‘नेचर’मधलं संशोधन सांगतं की, मळमळीमागे जीडीएफ-१५ नावाच्या संप्रेरकाचा मोठा हात असतो आणि ते येतं मुख्यतः बाळाच्या बाजूनं.

“म्हणजे आई, भरिताला विरोध बाळाचाच आहे,” त्यानं भर जेवणात निकाल दिला.

सासूबाईंचा घास हातातच राहिला. “आमच्या घरचं लेकरू भरिताले नाही म्हनीन? हे तुह्या बायकोच्या माहेरचं वळन आहे!”

पाचव्या महिन्यात एका रात्री अडीच वाजता मला जाग आली. स्वयंपाकघरात झाकून ठेवलेलं रात्रीचं भरित होतं, गार, वर तेल थिजलेलं. भाकरी शोधायचाही धीर नव्हता. बोटानं पातेल्याचा तळ पुसत होते तेवढ्यात दिवा लागला.

सासूबाईंनी पातेलं पाहिलं, मग माझं पोट पाहिलं.

“आलं वं माय,” त्या म्हणाल्या, “लेकरू वाटेवर आलं.”