तुम्ही लांबून येता म्हणून

वर्धा जिल्ह्यात आठ तालुके आहेत, हे तुम्ही तिसरीच्या भूगोलात पाठ केलं असेल. वर्धा, सेलू, देवळी, हिंगणघाट, समुद्रपूर, आर्वी, आष्टी, कारंजा. मात्र चौदा वर्षांखालील फुटबॉल खेळायला कुठल्या तालुक्याच्या पोराला किती वाजता उठावं लागतं, याचा तक्ता त्या पुस्तकात नव्हता. तो मी तोंडी सांगतो. बसा, चहा टाकायला सांगितलाय.

आम्ही आष्टीचे. नकाशा काढून बघा, जिल्हा वर जिथं संपत येतो तिथं आम्ही. वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा. सामने असतात वर्ध्याला, म्हणजे आर्वीमार्गे ऐंशी-नव्वद किलोमीटर. आमचे चिरंजीव राइट बॅक खेळतात. राइट बॅक म्हणजे समोरच्यांनी गोल मारल्यावर सगळं मैदान ज्याच्याकडे बघतं तो. एवढी पार्श्वभूमी पुरे.

तर वेळापत्रक. ते येतं व्हॉट्सॲपवर, निजायच्या वेळेला, जरा तिरप्या काढलेल्या फोटोत. खालच्या कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा असतो आणि त्या अंगठ्याखाली नेमकं मैदानाचं नाव. पहिली ओळ मात्र स्वच्छ वाचता येते. सामना क्रमांक एक, सकाळी 9.00, आष्टी. दरवर्षी. समोरचा संघ बदलतो, जिल्ह्यात दोनदा पालकमंत्री बदलले, पण ही ओळ काही हलली नाही.

मी आयोजकांना फोन केला. भांडायच्या तयारीने केला होता, खोटं कशाला बोलू. पलीकडचे सर इतक्या मायेनं बोलले की माझा आवाजच खाली आला. म्हणाले, "भाऊ, तुम्ही लांबून येता ना. म्हणून तर मुद्दाम तुमची मॅच पहिली टाकली. खेळा अन् आरामात घरी जा."

आता मला सांगा, दुष्टाव्याविरुद्ध माणसाला मोर्चा काढता येतो, उपोषणाला बसता येतं. आपुलकीविरुद्ध कुठं दाद मागायची?

नऊचा सामना म्हणजे साडेआठला मैदानावर हजेरी, म्हणजे साडेपाचला गाडी, म्हणजे चारला घराघरांत दिवे. लाल डब्याने त्या वेळेला पोचणं होत नाही म्हणून क्रूझर ठरवायची. तेरा माणसांच्या क्रूझरमध्ये संघ, राखीव खेळाडू, सर, पाण्याची कॅन, प्रथमोपचार पेटी आणि 'पालक प्रतिनिधी' म्हणून मी. पोरांची डोकी एकमेकांच्या खांद्यावर. आर्वी येईपर्यंत गोलकीपर एकदा ओकतो. आमच्याकडे त्यालाच वॉर्मअप म्हणतात. समोरचा वर्ध्याचा संघ नऊला पाच कमी असताना सायकलींवर येतो. अंघोळ झालेली, भांग पाडलेला, तर्री-पोहे पोटात. एका पोराची आई हाफ टाइमला डबा घेऊन आली आणि विचारू लागली, "तुम्ही कुठले रे बाळांनो, चेहरे किती उतरले!" बाळांनी उत्तर दिलं नाही. चौघं गवतावर झोपले होते.

वेळेच्या बाबतीत परिपत्रक कडक आहे. दहा मिनिटांपेक्षा उशीर झाल्यास प्रतिस्पर्धी संघास पुढे चाल देण्यात येईल. नियम म्हटला की नियम, मान्य आहे. पण पहिला सामना म्हणजे उद्घाटनाचा सामना, आणि उद्घाटनाला पाहुणे लागतात. दहा मिनिटांचा नियम पाहुण्यांना लागू नाही. आमची पोरं नऊला रांगेत उभी. साडेनऊला माइकवाला 'हॅलो, चेक' म्हणाला. दहाला सतरंजी आली, सव्वादहाला नारळ आला, नारळ फोडायला दगड मिळेना. अकराच्या सुमारास पाहुणे आले, त्यांनी प्रत्येक खेळाडूशी हस्तांदोलन केलं, खेळातून व्यक्तिमत्त्वाचा सर्वांगीण विकास कसा होतो ते सांगितलं आणि चेंडूला लाथ मारली. चेंडू सरळ सतरंजीवर गेला. पंचांनी शिट्टी वाजवली तेव्हा आमच्या पोरांना उठून सात तास झाले होते, सायकलवाल्यांना तीन. हा फरक स्कोअरशीटवर लिहायला रकाना नाही. मी विचारलं होतं.

साहजिकच मी दुसऱ्या वर्षी आधीच सांगून ठेवलं की आम्हाला पहिला सामना नको. फोनवरच्या त्या सरांनी लगेच ऐकलं. या माणसाचा मला फार त्रास आहे, तो प्रत्येक गोष्ट ऐकतो. आमचा सामना शेवटचा टाकला, दुपारी साडेचारला. वर्ध्यातला शेवटचा सामना किती वाजता सुरू होतो, हे मैदानावरच्या चिखलाला ठाऊक. स्पर्धा ऐन पावसाळ्यात, जमीन आपली काळी. सकाळच्या चार सामन्यांनी तिची जी मळणी केलेली असते, त्यात आमच्या पोरांनी संध्याकाळी उतरायचं. त्या वर्षी बरोबरी झाली. मग जादा वेळ. मग पेनल्टी. क्रूझरवाल्याने तिसऱ्या पेनल्टीला हॉर्न द्यायला सुरुवात केली, कारण अंधार पडला की त्याचा भाव वेगळा. आमच्या पुढच्या दोघांनी हॉर्न ऐकून धावत जाऊन, न थांबता, बस पकडतात तशा पेनल्टी मारल्या. दोन्ही बाहेर. सामन्याच्या अहवालात हॉर्नचा उल्लेख नाही.

तुम्ही म्हणाल, हे नशीब आहे. नाही. नशिबाचीसुद्धा पद्धत ठरलेली आहे, तिला भाग्यपत्रिका म्हणतात. समजा अकरा संघ आले. बाद पद्धतीत गणित सोळाच्या चौकटीत बसवावं लागतं, म्हणून पाच संघांना बाय, म्हणजे पहिली फेरी न खेळताच पार. आता हे बाय कुणाला? शारीरिक शिक्षणाच्या कुठल्याही पुस्तकात लिहिलंय : पहिला बाय खालच्या गटातल्या शेवटच्याला, दुसरा वरच्या गटातल्या पहिल्याला, तिसरा खालच्या गटातल्या पहिल्याला, चौथा वरच्या गटातल्या शेवटच्याला. थोडक्यात, कडेला राहणाऱ्याचं भलं. नकाशात आमच्याएवढं कडेला कोण आहे? पण चिठ्ठी काढली की आमचा नंबर चार, वरच्या गटात बरोबर मधोमध. आणि ज्या शाळेची भिंत मैदानाला लागून आहे तिला बाय. तिची पोरं उठली, दात घासले आणि उपांत्यपूर्व फेरीत पोचली.

मी या प्रकरणाच्या मुळाशी गेलो. जिल्हा झाला 1862 मध्ये, नागपूरपासून वेगळा काढून. आणि जिल्ह्याचं पहिलं ठाणं वर्ध्याला नव्हतंच, ते होतं पुलगावजवळच्या कवठ्याला. पुढे 1866 मध्ये इंग्रजांनी ते पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागेवर हलवलं, आणि आज आपण ज्याला वर्धा म्हणतो ते शहर वसवलं. आता कवठा आमच्या बाजूला आहे. ठाणं तिथंच राहिलं असतं तर आमची पोरं निदान पाचपर्यंत झोपली असती. हा निर्णय घेताना आष्टीच्या कुणालाही विचारल्याची नोंद मला तरी सापडली नाही. आष्टीने 1942 मध्ये इंग्रजांशी कसा हिशेब केला ते सगळ्यांना माहीत आहे. हा मुद्दा मात्र तेव्हा राहून गेला.

प्रवासाचा अन्याय जगाने मानलेला आहे, बरं का. मी एकटाच बोंबलत नाहीये. पहिला विश्वचषक 1930 चा, उरुग्वेमध्ये. युरोपातून बोटीने जायला दोन आठवडे लागायचे, म्हणून तिकडून चारच संघ गेले : फ्रान्स, बेल्जियम, रुमानिया आणि युगोस्लाव्हिया. उरुग्वेने हे लक्षात ठेवलं. चार वर्षांनी विश्वचषक इटलीत होता तेव्हा हा गतविजेता संघ गेलाच नाही. तुम्ही आमच्याकडे आला नाहीत, आम्ही तुमच्याकडे येत नाही. इतकी स्वच्छ भूमिका मी फक्त लग्नाच्या आहेरात पाहिली आहे. आमच्या सरांना हे उदाहरण सांगितलं, तर ते म्हणाले, "आपण नाही गेलो तर त्यांना पुढे चाल मिळते." उरुग्वेला असे सर नव्हते.

दुसरं उदाहरण युरोपचं. तिथं 1965 पासून नियम होता की दोन सामन्यांची बेरीज सारखी झाली, तर परक्या मैदानावर मारलेला गोल जड धरायचा. का? तर प्रवास करून आलेला माणूस थकलेला असतो, त्याच्या गोलाची किंमत जास्त. मला हे कळलं तेव्हा भरून आलं. कुणीतरी आमचा विचार केला होता! चिरंजीवांच्या संघाने परक्या मैदानावर मारलेले गोल मी वहीत वेगळे मांडायला घेतले. आमचे सगळेच गोल परक्या मैदानावरचे. आणि 2021 मध्ये युरोपवाल्यांनी तो नियम काढून टाकला. आता प्रवास पूर्वीसारखा त्रासाचा राहिलेला नाही, असंही एक कारण पुढे आलं. त्यांनी आर्वी रोडवर येऊन बघितलं होतं का, एवढाच माझा प्रश्न आहे. आपल्याच जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला, 11 डिसेंबर 2022 ला सुरूही झाला, त्यावरून मोटारी एकशेवीसने पळतात. आमची क्रूझर ट्रॅक्टरच्या मागे असते.

तिकिटाचं तर बोलूच नये. परतीला कधी पैसे वाचवायला एसटी धरली, तर मुलींच्या संघाला 17 मार्च 2023 पासून अर्धं तिकीट. बरोबरच्या मॅडमलाही अर्धं. आमच्या पोरांना मात्र बारा वर्षं पूर्ण झाली की पूर्ण तिकीट. म्हणजे मैदानावर चौदा वर्षांखालील, बसमध्ये मोठे गृहस्थ. याबद्दल माझी तक्रार नाही, नोंद आहे.

तारखांचंही तेच. एकदा आमचा सामना टाकला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. विदर्भात त्या दिवशी तान्हा पोळा असतो, हे सांगायला पंचांग लागत नाही. घरोघरी पोरं लाकडी बैल सजवून निघतात; सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा बघायला तर माणसं गावोगावहून जातात. मी म्हटलं, तारीख बदला. उत्तर आलं की वेळापत्रक अंतिम असून त्यात बदल होणार नाही. मग सिंदीकडच्या संघाने अर्ज केला आणि त्यांचा सामना दोन दिवस पुढे गेला, कारण तिथला पोळा मोठा. आमचा लेफ्ट विंगर लाकडी बैल घेऊनच क्रूझरमध्ये बसला. सामनाभर तो बैल टचलाइनवर उभा होता. आमच्या बाजूने त्या दिवशी जागेवर उभा राहिलेला तेवढाच एक होता.

परतताना वर्ध्याला थांबून गोरसपाक घ्यायचा, असा आमचा नेम आहे. हरलो की एक डबा, जास्त हरलो की दोन. आमच्या घरी गोरसपाक कधी संपत नाही.

शेवटी मी आयोजकांना भेटून सगळं सविस्तर मांडलं, 1866 पासून. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "लेखी द्या." लेखी दिलं. नकाशा जोडला, उरुग्वेचा संदर्भ जोडला, सहपत्रे नऊ. वर्षभर काही नाही. मग अचानक पत्र आलं की विषयांकित अर्जाचा सहानुभूतीने विचार करून यजमानपद फिरतं ठेवण्याचं ठरलं आहे, आणि यंदाचे सामने आष्टीला होतील. स्थानिक समितीत पालक प्रतिनिधी म्हणून माझं नाव घातलेलं. वेळापत्रकाची जबाबदारीही माझ्याकडेच.

मी ते पूर्ण निःपक्षपातीपणे तयार केलं आहे. आष्टीचा सामना दुपारी दोनला, पोरं जेवून, तासभर पडून उठतील अशा बेताने. हिंगणघाटचा संघ जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाहून येतो, अंतर शंभराच्या वर. त्यांची गैरसोय होऊ नये म्हणून त्यांचा सामना पहिला ठेवला आहे, सकाळी नऊला. खेळतील आणि आरामात घरी जातील. उद्घाटनाच्या पाहुण्यांनी साडेनऊला यायचं कबूल केलंय.

काल रात्री व्हॉट्सॲपवर फोटो टाकला आणि दहा मिनिटांत हिंगणघाटच्या एका पालकाचा फोन आला. बराच वेळ बोलत होते, आवाज चढलेला होता. मी सगळं ऐकून घेतलं आणि म्हटलं, भाऊ, लेखी द्या.