पाजळलेले नाना

नानांच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत केस नावाला नाही. उजव्या हाताची लव मात्र शाबूत. आणि दाढी म्हणाल, तर चार दिवसांची वाढलेली. धारेची परीक्षा हातावर होते. ती एकदा पास झाली की दाढी करण्यात नानांना रस उरत नाही.

दगडावर धार लावणं ते हलकं काम समजतात. "ते काय, धारवालाही सायकलवर बसून करतो. खरी कला पुढे!" दगडावरून उतरलेल्या पात्याच्या कडेला केसाहून बारीक, वाकडी किनार राहते. धार मागे आणि पाठ पुढे ठेवून पातं चामड्यावरून ओढलं की ती सरळ होते, नाहीतर गळून पडते. न्हावी पट्टा बाळगायचे तो याचसाठी. शास्त्र पक्कं आहे. फक्त तो पट्टा विकत घ्यायचा असतो, हे नानांना मान्य नाही.

म्हणून आधी वर्तमानपत्र. शाईतली काजळी धार घोटते, त्यातही निधनवार्तांचं पान उत्तम, कारण काळ्या चौकटी दाट. अग्रलेखही वापरून झाला. "फार गुळगुळीत," असा शेरा मिळाला. मग नातवाच्या जीन्सची मांडी, टूथपेस्ट फासलेली फळी. कपाच्या बुडाची खरखरीत कडा तर दगडाचंच काम करते, त्यामुळे घरातले सगळे कप पालथे. काकूंना मात्र नानांनी पाजळलेल्या सुऱ्यांना हात लावायची बंदी. "धार उतरेल!" त्या बिचाऱ्या विळीवर कांदा चिरतात.

दिवाळीत कहर झाला. जावयांनी दारात नवी कोरी कोल्हापुरी काढली. नानांनी एक पायताण उचलून चक्क हुंगलं. "बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावलेलं चामडं आहे हे, क्रोमचं नव्हे! वस्तऱ्याला याहून सरस काही नाही." यात चूक काढायला जागा नव्हती. आत पानं वाढेपर्यंत बाहेर वस्तरा चपलेवरून सपासप फिरत होता. एका फेरीत पातं जरा तिरकं गेलं आणि चपलेचा अंगठा अलगद सुटून खाली पडला.

"बघा, बघा!" नाना हरखून ओरडले. "जराही दाब दिला नाही!"

जावई नानांच्या स्लीपर घालून गावी गेले.

नानांकडे जायचा योग आलाच, तर चपला पिशवीत घालून आत न्या, कमरेचा पट्टा कमरेलाच राहू द्या, आणि दाढी घरूनच करून जा.